डायलिसिसवर असताना व्हिटॅमिनच्या गोळ्या: पेशंट आणि घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये किडनीच्या पेशंटांच्या आहाराचं काम करताना मला सगळ्यांत जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, ह्यांना ताकदीची कोणती गोळी देऊ?" रामबाग, सुदामा नगर, राऊ, महू, देवास, कुठूनही आलेलं घर असो, प्रश्न हाच असतो आणि तो काळजीतून आलेला असतो. म्हणून उत्तरं सविस्तर लिहिते आहे. ती प्रौढ, नियमित हिमोडायलिसिसवर (मशीनवरच्या डायलिसिसवर) असलेल्या पेशंटांसाठी आहेत. कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करायची ती तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच.

डायलिसिस सुरू झालं की व्हिटॅमिनची गोळी का लिहून देतात?

डायलायझर ही एक बारीक चाळणी आहे. रक्तातला युरिया, क्रिएटिनिन जसे त्यातून निघून जातात, तशी पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिनंही निघून जातात. बी गटातली बरीचशी, त्यात फॉलिक ॲसिड आलं, आणि व्हिटॅमिन सी. मशीनला चांगलं-वाईट कळत नाही, तिला फक्त कणाचा आकार कळतो.

पण मला वाटतं, घरच्यांनी दुसरं कारण जास्त लक्षात ठेवावं. ते आपल्या स्वयंपाकघरात आहे. पोटॅशियम कमी करायला आपण भाज्या चिरून पाण्यात ठेवतो, उकळतो, पाणी फेकून देतो. त्या पाण्याबरोबर बी आणि सी दोन्ही जातात. संत्री, मोसंबी, शहाळं बंद. दूध-दही मोजून, कारण फॉस्फरस. त्यात तोंडाची चव गेलेली, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं. म्हणजे मशीन एकीकडून काढतं आणि ताटातून येणंही कमी झालेलं असतं. ही तूट भरून काढायला ती गोळी असते. तिच्यामुळे "ताकद" येईल असं समजू नका.

मग भाज्या पाण्यात ठेवणं बंद करू का?

नाही. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि बी व्हिटॅमिनची कसर गोळीने भरून निघते. हिवाळ्यात गराडूचा कंद, रताळं, बटाटा यांचा मोह होतो, तेव्हा तर हे विसरूच नका.

त्या गोळीत नेमकं काय आणि किती असावं?

किडनीच्या पेशंटांसाठी बनवलेल्या गोळीत साधारणपणे बी गटातली सगळी व्हिटॅमिनं असतात. बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, सुमारे १० मिलिग्रॅम. फॉलिक ॲसिड १ मिलिग्रॅमच्या आसपास. व्हिटॅमिन सी ६० ते १०० मिलिग्रॅम. बी-१, बी-२, नायसिनामाइड, बी-१२, बायोटिन हे रोजच्या गरजेएवढे. आणि त्यात व्हिटॅमिन ए नसतं, हे सर्वांत महत्त्वाचं.

प्रत्येक दुकानात अशी वेगळी गोळी मिळेलच असं नाही. मग डॉक्टर साधी बी-कॉम्प्लेक्स आणि वेगळं फॉलिक ॲसिड लिहितात. तेही चालतं. फक्त बी-कॉम्प्लेक्सच्या काही कॅप्सूलमध्ये सी १५० मिलिग्रॅमपर्यंत असतं, म्हणून त्याच्या जोडीला सीची आणखी वेगळी गोळी घेऊ नका.

घरात सगळे जी मल्टिव्हिटॅमिन घेतात तीच पेशंटला दिली तर?

देऊ नका. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ए, डी, ई आणि के ही चार व्हिटॅमिनं चरबीत विरघळतात. ती डायलिसिसमध्ये निघत नाहीत, शरीरात साठतात. त्यातलं ए सर्वांत त्रासाचं. रक्तात ते एका प्रथिनाला धरून फिरतं आणि त्या प्रथिनाची विल्हेवाट निरोगी किडनी लावते. किडनी बंद पडली की हे साचत जातं, त्यामुळे डायलिसिसच्या पेशंटच्या रक्तात व्हिटॅमिन ए आधीच जास्त असतं. त्यावर रोजची गोळी पडली की त्वचा कोरडी होऊन खाज सुटते, केस गळतात, हाडं दुखतात, रक्तातलं कॅल्शियम वाढतं. आता बघा, खाज आणि हाडदुखी तर डायलिसिसच्या कितीतरी पेशंटांना असतेच. त्यामुळे गोळीवर कोणाचा संशयच जात नाही.

मागे एका काकूंनी काकांच्या गोळ्यांची पिशवी माझ्यासमोर टेबलावर रिकामी केली. त्यात डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर परदेशातल्या मुलीने पाठवलेली एक मोठी बाटली होती. लेबलवरची अक्षरं एवढी बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचावा लागला. बी-कॉम्प्लेक्स सगळं व्यवस्थित, आणि मध्येच एक ओळ, "रेटिनिल पाल्मिटेट". हेच व्हिटॅमिन ए. काकू म्हणाल्या, "नाव तर वेगळंच आहे हो." म्हणून ही नावं लिहून ठेवा: रेटिनॉल, रेटिनिल ॲसिटेट, रेटिनिल पाल्मिटेट, बीटा कॅरोटिन. यातलं एकही नाव दिसलं तर ती बाटली आधी डॉक्टरांना दाखवा. माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूलही यातच आल्या, त्यांत ए आणि डी दोन्ही असतात.

अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० सालच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही डायलिसिसच्या पेशंटांना ए आणि ई सरसकट देऊ नये असंच सांगितलं आहे.

गोळी कधी घ्यायची? सकाळी चहानंतर घेतली तर चालेल?

डायलिसिसच्या दिवशी मशीनवरून उतरल्यावर. सकाळी घेऊन मग चार तास मशीनवर बसलात तर गोळीचा बराचसा भाग बाहेर गेला. सोपा मार्ग म्हणजे रोजच रात्री जेवणानंतर घ्या, मग वार लक्षात ठेवायला नको. संध्याकाळच्या पाळीत डायलिसिस असेल तर घरी येऊन, काही खाऊन मग घ्या.

व्हिटॅमिन सी तर चांगलंच ना? लिंबाच्या चवीच्या चघळायच्या ५०० च्या गोळ्या घेतो आम्ही.

कोविडच्या दिवसांपासून या गोळ्या घराघरांत राहिल्या आहेत. बाकीच्यांना फारसं बिघडत नाही, जास्तीचं सी लघवीवाटे निघून जातं. डायलिसिसच्या पेशंटच्या शरीरात जादा सीचं ऑक्झलेट नावाचं टाकाऊ द्रव्य बनतं, आणि ते बाहेर काढायला किडनी नाही. मशीन काढतं, पण पुरतं नाही. मग ते हाडांत, सांध्यांत, रक्तवाहिन्यांत, हृदयाच्या स्नायूतही जमू शकतं. पाण्यात टाकून फसफसणाऱ्या गोळ्यांत तर वर सोडियमही असतं. म्हणून डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आत.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. सीचं प्रमाण खूप वाढलं की काही ग्लुकोमीटर साखर खरी असते त्यापेक्षा जास्त दाखवतात. तो आकडा पाहून इन्सुलिन वाढवलं तर साखर धोकादायक उतरू शकते.

फळांतून सी घेऊ का? आवळा, पेरू?

पेरू, म्हणजे आपल्या इंदूरचे जाम, आणि आवळा दोन्हींत सी भरपूर आहे, पण पोटॅशियमही आहे, खास करून पेरूत. तुमचा पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट घेऊन आहारतज्ज्ञांशी बोला, काहींना लहानशी फोड चालते. आवळ्याचा रस, मोरावळा, च्यवनप्राश रोज चमचाभर हे नको. पोह्यांवर अर्धं लिंबू खुशाल पिळा. त्यावरची शेव आणि जीरावन मसाला मात्र सोडा, मीठ तिथे लपलेलं असतं.

आणि कमरख कधीही नको. एक फोडसुद्धा नको. बाजारात ते तारेसारखे काप करून, मसाला लावून मिळतं आणि "सीचं फळ" म्हणून कोणी प्रेमाने आणून देतं. त्यात असं द्रव्य असतं जे निरोगी किडनी बाहेर टाकते, पण किडनी निकामी असेल तर ते मेंदूवर परिणाम करतं. आधी न थांबणारी उचकी, मग गोंधळल्यासारखं बोलणं, मग झटके. यात माणसं दगावली आहेत. चुकून खाल्लं गेलं आणि उचकी लागली तर दुसऱ्या दिवसाच्या डायलिसिसची वाट पाहू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि कमरख खाल्लं हे स्पष्ट सांगा.

डॉक्टर डीची गोळी देतात, तुम्ही म्हणता डी साठतं. खरं काय?

दोन्ही खरं आहे. डी हे या सगळ्यात वेगळं प्रकरण आहे, म्हणून जरा निवांत वाचा.

उन्हातून किंवा गोळीतून आलेलं डी कच्चं असतं. त्यावर आधी यकृतात आणि मग किडनीत प्रक्रिया होते, तेव्हा ते कामाचं बनतं. या शेवटच्या रूपाला कॅल्सिट्रिऑल म्हणतात. किडनी गेली की ही शेवटची पायरीच जवळजवळ बंद पडते. मग रक्तातलं कॅल्शियम उतरतं, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोर धरतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून काढतात. त्यामुळे हाडं ठिसूळ होतात, दुखतात.

आपल्याकडे मिळणारी डीची औषधं म्हणूनच दोन प्रकारची आहेत. एक, कोलेकॅल्सिफेरॉल (डी३), म्हणजे ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी किंवा कॅप्सूल. हे कच्चं डी. दुसरं, कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल, इवलीशी कॅप्सूल, बहुतेक वेळा ०.२५ मायक्रोग्रॅमची. हे किडनीचं काम टाळून पुढे जाणारं औषध आहे. काहींना पहिलं लागतं, काहींना दुसरं, काहींना दोन्ही. एकाऐवजी दुसरं चालत नाही. दुकानदार "हेही डीच आहे" म्हणाला तरी बदलून घेऊ नका.

कोणाला किती, हे कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) या तीन तपासण्यांवर ठरतं. डायलिसिसच्या पेशंटचं पीटीएच नॉर्मलला आणायचं नसतं. लॅबच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट या पट्ट्यात ते असावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. रिपोर्टवर लाल खूण दिसली म्हणून घाबरून स्वतःहून डोस वाढवू नका. कॅल्सिट्रिऑल जास्त झालं तर कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढतात आणि ते रक्तवाहिन्यांत जाऊन बसतात.

आठवड्याची पुडी रोज घेण्याची चूक तर फार होते. पाकिटावर वार लिहून ठेवा, "रविवार" एवढं पुरे. मळमळ, बद्धकोष्ठता, खूप तहान, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ ही कॅल्शियम चढल्याची चिन्हं असू शकतात. ६ लाख युनिटचं इंजेक्शन गल्लीतल्या दवाखान्यात "हाडांसाठी" म्हणून घेऊ नका.

रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसतात, मग डी कशाला?

कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण फार थोडे असतात, ते दुपारच्या आसपास जास्त येतात. आणि पुरेसं ऊन मिळालं तरी किडनीतली शेवटची पायरी राहतेच. उन्हात जरूर बसा, मन प्रसन्न राहतं. औषध त्यामुळे सुटत नाही.

कॅल्शियमची गोळी जेवताना घ्यायला का सांगितली?

ती बहुधा फॉस्फरस बांधायला दिली आहे. घासाबरोबर घेतली तरच ती अन्नातलं फॉस्फरस पकडते. रिकाम्या पोटी घेतली तर फॉस्फरस तसंच राहतं आणि कॅल्शियम मात्र रक्तात जातं. तिच्यात डी३ मिसळलेलं असतं का तेही बघा, कारण पुडी वेगळी चालू असेल तर हिशेब दुप्पट होतो.

आम्ही शाकाहारी. बी-१२ चं इंजेक्शन घ्यावं का?

आधी तपासणी करा. बी-१२ चा कण मोठा, साध्या डायलिसिसमध्ये तो फारसा निघत नाही. आपल्याकडची कमतरता येते ती जेवणातून. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळतं दूध-दह्यातून, आणि नेमकं तेच फॉस्फरसमुळे कमी केलेलं असतं. अंडं खाणाऱ्यांना आपण पांढरं खा सांगतो, बी-१२ मात्र मुख्यतः पिवळ्या बलकात. त्यात मधुमेहासाठी आधी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतलेलं असेल, किंवा ॲसिडिटीची गोळी कायमची चालू असेल तर साठा आणखी कमी.

जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, पायांत मुंग्या, विसरभोळेपणा ही लक्षणं दिसू शकतात. हिमोग्लोबिन वाढवण्याची सुई नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल तर डॉक्टर लोहाबरोबर बी-१२ आणि फॉलिक ॲसिडही पाहतात. बी-१२ कमी असताना नुसतं ५ मिलिग्रॅमचं फॉलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

पायांच्या झिणझिण्यांसाठी मेडिकलवाल्याने "नसांची व्हिटॅमिन" दिली. घेऊ?

थांबा. स्ट्रिपच्या मागे प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन लिहिलंय का बघा. ही नसांच्या दुखण्यावरची औषधं आहेत, मिथाइलकोबालामिनबरोबर (बी-१२ चं एक रूप) एकाच गोळीत मिळतात आणि लोक तिला व्हिटॅमिनच समजतात. ही दोन्ही औषधं शरीराबाहेर जातात ती किडनीवाटे. डायलिसिसच्या पेशंटला नेहमीचा डोस दिला तर ती साचतात, पेशंट झोपाळतो, झोकांड्या जातात, बाथरूममध्ये पडतो, माणसं ओळखेनासा होतो. घरचे म्हणतात अशक्तपणा वाढला, आणि आणखी एक ताकदीची गोळी आणतात. डॉक्टर ही औषधं देतात तेव्हा डोस खूप कमी ठेवून आणि वेळ ठरवून देतात.

नुसत्या बी-६ चाही अतिरेक नको. मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच नसा बिघडून झिणझिण्या येतात.

केस गळतात म्हणून बायोटिन चालू केलं आहे.

केसांच्या गोळ्यांत बायोटिन ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. किडनी नसताना ते रक्तात जास्त वेळ टिकतं आणि काही लॅबच्या मशीनवर पीटीएच, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) यांसारखे आकडे खोटे कमी दाखवतं. हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीतही हा घोळ होऊ शकतो. चालू असेल तर डॉक्टरांना आणि रक्त घेणाऱ्यालाही सांगा. केस गळण्याचं कारण प्रथिनं कमी पडणं, थायरॉइड, लोहाची कमतरता असं काहीही असू शकतं, ते शोधणं जास्त उपयोगी.

हाडांसाठी व्हिटॅमिन के२ ची जाहिरात पाहिली.

रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू नये म्हणून के२ चा अभ्यास चालू आहे, पण डायलिसिसच्या पेशंटना सरसकट द्यावं एवढा पुरावा नाही. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा इतर कारणाने वॉरफरिन, ॲसेनोकुमारॉल यांसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर के घेऊच नका. औषधाचा परिणाम कमी होऊन रक्ताची गाठ होऊ शकते.

या गोळ्यांनी आयुष्य वाढतं का?

खात्रीने कोणी सांगू शकत नाही. डॉप्स नावाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिनं घेणाऱ्या पेशंटांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं होतं. पण अशी गोळी नेमाने घेणारा पेशंट बाकीचं पथ्यही पाळत असतो, त्यामुळे श्रेय गोळीचंच असं म्हणता येत नाही. उलट २००७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. किडनी खूप खराब झालेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या २,०५६ पेशंटांपैकी काहींना रोज ४० मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, १०० मिलिग्रॅम बी-६ आणि २ मिलिग्रॅम बी-१२ दिलं. रक्तातलं होमोसिस्टीन (ज्याचा संबंध हृदयविकाराशी जोडला जातो ते द्रव्य) उतरलं, मृत्यू कमी झाले नाहीत. थोडक्यात, तूट भरण्याइतकं घ्यावं. त्यापलीकडे दहापट घेऊन काही मिळत नाही.

आयुर्वेदिक किंवा "नैसर्गिक" पावडर तरी चालेल ना?

नोनीचा रस, शेवग्याच्या पानांची पावडर, स्पिरुलिना यांत पोटॅशियम असतं. भस्मांत शिसं, पारा असण्याची शक्यता असते. उत्सर्जनाची वाट बंद असलेल्या शरीरात हा धोका मी कोणालाही घेऊ देणार नाही. ज्यांचा वैद्यांवर विश्वास आहे त्यांनी वैद्यांना डायलिसिसचे रिपोर्ट दाखवावेत आणि औषधाचं नाव नेफ्रॉलॉजिस्टना सांगावं.

पोटाचं डायलिसिस घरीच करतो, आम्हाला हेच लागू?

बहुतेक हेच. पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिनं त्यातही जातात, शिवाय प्रथिनं रोज निघून जातात. फक्त डायलिसिस रोज चालू असल्याने गोळीला "मशीननंतर" असा नियम नाही, ठरलेल्या वेळी घ्या.

खर्च परवडत नाही. कोणती गोळी आधी सोडू?

मनाने कोणतीही सोडू नका, विशेषतः जेवणाबरोबरची फॉस्फरसची आणि कॅल्सिट्रिऑल. डॉक्टरांना सरळ सांगा की भागत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि औषधं परस्पर बंद झाल्याचं रिपोर्टवरून कळण्यापेक्षा हे बरं. जनऔषधी केंद्रात बी-कॉम्प्लेक्स, फॉलिक ॲसिड अशी साधी औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात. आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात जात असाल तर चिठ्ठी घेऊन जा आणि चिठ्ठीवरचं औषधाचं मूळ नाव आणि मात्रा जुळवून घ्या. दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटना २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात डायलिसिस मोफत मिळतं. तिथे वाचलेले पैसे औषधांना उपयोगी येतात.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

घरातली प्रत्येक स्ट्रिप, बाटली, पुडी, पावडरचा डबा. उपासाला म्हणून आणलेलं पेयसुद्धा. "पांढरी छोटी गोळी" असं सांगून कोणालाच काही कळत नाही. महिन्यातून एकदा पिशवी नेली तरी पुष्कळ.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ?

व्हिटॅमिनची नेहमीची एकच घ्या. आठवड्याची डीची पुडी राहिली तर आठवलं त्या दिवशी एक घ्या, पाकिटावरचा वार बदला आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.